थोरलीचं बूच

१

थोरली बुडाली ती भर दुपारी. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट. असल्या दिवशी कागदाची होडीसुद्धा बुडत नाही, आणि ही तर नौदलाची बोट! लाकडी होती, म्हातारी होती, पण खमकी होती. मोठ्या जहाजांना पाणी आणि सामान पोचवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता तिच्याच घडणीच्या, पण जरा लहान अशा धाकटीच्या जोडीने ती खलाशी-शाळेतल्या पोरांना दोर, शीड आणि सुकाणू शिकवत होती. त्या दिवशी थोरलीवरची सगळी पोरं वाचली. पोरांना शिकवणारे उस्ताद वाचले. बुडाले ते एकटे इंजिनवाले.

त्यांना सगळे ठोके म्हणायचे. इंजिनाला कान लावून, डोळे मिटून त्याचे ठोके ऐकत बसायची त्यांची सवय होती, त्यावरून पडलेलं नाव. खरं नाव शाळेत फारसं कोणाला आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला शाळाप्रमुखांनी मैदानावर जाहीर करून टाकलं, "इंजिनवाल्याच्या हलगर्जीपणामुळे आपण एक बोट गमावली. धडा घ्या." मेलेला माणूस काही उलट बोलत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा. पण माणूस दगावला की मुख्यालयातून कोणीतरी चौकशीला येतंच. या वेळी एक बाई आल्या.

बाई नौदलाच्या कायदा खात्यात अधिकारी होत्या. बोटीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळायचं, म्हणून सगळी नोकरी जमिनीवर झालेली. यावर मागून हसणारे पुष्कळ होते, आणि बाईंना ते ठाऊक होतं. एका जागी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रश्न विचारताना त्या चालत राहायच्या आणि समोरच्यालाही आपल्यामागे चालायला लावायच्या. शाळाप्रमुखांच्या खोलीत त्यांनी खिडकी ते दार इतक्या फेऱ्या मारल्या, की प्रमुखांची मान दुखायला लागली.

"सरळ प्रकरण आहे," प्रमुख म्हणाले. "उद्यापर्यंत आटपा. परवा बोट तोडायची आहे."

"एवढी घाई?"

"धक्क्यावरची जागा अडली आहे. आणि खरं सांगू का, या लाकडी म्हाताऱ्यांचे दिवस संपले. मी केव्हापासून वर सांगतोय, कोणी ऐकत नव्हतं. आता ऐकतील."

बाई क्षणभर थांबल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि दाराकडे निघाल्या. "बोट दाखवा."

थोरली धक्क्याच्या उतारावर लाकडी टेकूंवर उभी होती. क्रेनने वर काढलेली, अंगाला शेवाळ-चिखल लागलेला. प्रमुखांनी वाकून तिच्या तळाचं एक गोल भोक दाखवलं. "बोट वर ओढली की तळात साचलेलं पाणी यातून काढून टाकायचं. परत पाण्यात सोडण्याआधी आतून लाकडी बूच ठोकून बसवायचं. ते काम इंजिनवाल्याचं. त्याने नीट ठोकलं नसणार, ते निघालं. हे बघा, पाणबुड्याने त्याला बाहेर काढला तेव्हा हे त्याच्या मुठीत होतं."

बाईंनी ते बूच हातात घेतलं. शिडीवरून चढून त्या इंजिनखोलीत उतरल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी बूच भोकात घातलं आणि हात सोडला.

बूच भोकातून आरपार खाली पडलं आणि घरंगळत प्रमुखांच्या बुटाला येऊन लागलं.

२

"धाकटीचं आहे ते," सुतारमामा म्हणाले. बोटींची सगळी लाकूडकामं त्यांच्याकडे होती. "दोघींची बुचं मीच केलेली. थोरलीचं चांगलं अंगठ्याएवढं जास्त जाड."

"मग धाकटीचं बूच थोरलीवर कसं?"

"दोघींची जादा बुचं थोरलीच्याच पेटीत असायची, जोडीने बाहेर पडतात म्हणून. पण थोरलीचं जादा बूच तडकलं होतं. नवं करायचं माझ्याकडून राहून गेलं." मामांनी कानामागची पेन्सिल काढली, परत लावली, परत काढली.

बाईंनी त्यांना इंजिनखोलीत नेलं. भोकाशेजारी पितळी कडी होती आणि कडीला हातभर दोरी. "ही कशासाठी?"

"बुचाला बांधायची. चुकून निघालं तर हरवू नये म्हणून."

"म्हणजे आपोआप निघालं असतं, तर ते या दोरीला लोंबकळत राहिलं असतं."

"हो की."

बाईंनी दोरीचं टोक त्यांच्यासमोर धरलं. टोक तुटलेलं नव्हतं, कापलेलंही नव्हतं. गाठीची वळणं अजून त्यात दिसत होती. कोणीतरी ती गाठ निवांतपणे सोडवली होती. मामांच्या कपाळावर घाम आला. "मागच्या आठवड्यात मी इथली एक फळी बदलली, बाई. पण तळ अगदी साफ करून दिला होता. अगदी साफ."

तळाबद्दल बाईंनी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी थोरलीवरच्या पोरांपैकी एकाला बोलावलं. ताडमाड उंचीमुळे त्याला सगळे खांब म्हणायचे. बाई धक्क्यावरून चालायला लागल्या आणि तो लांब ढांगा टाकत त्यांच्याबरोबर निघाला.

"उस्ताद नसते ना मॅडम, तर आम्ही सगळे गेलो होतो," तो म्हणाला. "एरवी जेवायला आम्ही दीपगृहाजवळ, खोल पाण्यात थांबतो. त्या दिवशी ते म्हणाले, इथेच वाळूच्या पट्ट्याजवळ नांगर टाका. नशीब बघा! पाणी उथळ म्हणून डोलकाठी वर राहिली, आम्ही तिला लटकलो. धाकटीलाही त्यांनी हाकेच्या अंतरावर थांबवलं होतं, तिने आम्हाला उचललं. आणि जॅकेटं! जेवण झाल्यावर स्वतः खाली जाऊन सगळ्यांची लाइफ जॅकेटं घेऊन आले. आम्हाला उठूसुद्धा दिलं नाही. एवढ्या उन्हात कोण घालतंय? पण उस्तादांनी डोळे वटारले की संपलं."

"खाली म्हणजे?"

"इंजिनखोलीत. तिथल्या कपाटात असतात."

"आणि ठोके?"

"वर, शिडाच्या सावलीत आडवे झाले होते. मग नांगर उचलला, इंजिन सुरू केलं, आणि थोड्या वेळात धाडकन बंद पडलं. खाली पाणी भरलं होतं. ठोके उतरले. त्यांना जॅकेट घालायला वेळ कुठे होता? आणि जॅकेट घालून इंजिनखोलीच्या त्या अरुंद बोळात शिरताही येत नाही. मी हातपंपावर होतो. दोन हात मारले आणि पंप ठसका लागल्यासारखा अडकला." खांबाने हवेतच पंपाचा दांडा दाबून दाखवला. "खालून ठोके ओरडत होते. 'अहो, पुरे झालं आता! द्या ते!' दोनदा ओरडले."

"कोणाला?"

"इंजिनाला, दुसरं कोणाला? ते इंजिनाशी गप्पा मारायचे. आम्ही हसायचो त्यांना."

"इंजिनाकडे काय मागत होते?"

"आता शेवटच्या घटकेला माणूस काय बोलेल, त्याचा काय अर्थ लावायचा, मॅडम? तेवढ्यात सगळे एका बाजूला झाले, बोट कलंडली आणि..."

परत येताना बाईंची नजर उतारावर गेली. थोरलीच्या डेकवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. हातपंपाचं झाकण उघडं होतं आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून सुतारमामा काहीतरी उपसून पिशवीत भरत होते.

३

"पिशवी इकडे द्या," बाई म्हणाल्या.

पिशवीत भिजलेला भुसा आणि रंध्याची सालं होती. सुतारमामा डेकवर फतकल मारून बसले. "फळी बदलली तेव्हाचा कचरा. तळात राहून गेला. त्याच दिवशी काढायचा होता, पण सूनबाईला दवाखान्यात न्यायचं होतं. म्हटलं, उद्या काढू. माझ्या भुशाने पंप अडकला, बाई. माझ्यामुळे ठोके गेले."

"हे मैदानावर का नाही सांगितलंत?"

"प्रमुखांनी सांगितलं ना, इंजिनवाल्याची चूक. मला वाटलं, जाऊ दे, गेलेल्या माणसाचं आता कोण काय वाकडं करणार." मामांनी डोळे पुसले. "ठोक्यांच्या घरच्या वहिनी मला दिसल्या की मी वाट बदलतो. पण एक ऐका. भुसा माझा आहे. ते भोक माझं नाही. गाठ मी सोडलेली नाही."

बाईंना ते पटलं. मामा तर त्या दिवशी बोटीवर नव्हतेच, मग त्यांनी ती अर्ध्या वाटेत कशी बुडवली असती? बूच सकाळपासून नसतं, तर थोरली धक्क्यावरच बुडाली असती. ते काढलं गेलं दुपारी, जेवणाच्या वेळी, बोटीवरच्याच कोणाच्या तरी हाताने. आणि बोटीवर होती पोरं, ठोके आणि उस्ताद.

जायला निघालेल्या बाईंना मामांनी हाक मारली. "ठोक्यांच्या अंगात शर्ट नव्हता, माहितेय ना? मी बघितलं त्यांना बाहेर काढताना. नुसत्या बनियनवर होते. शर्ट त्या भोकापाशीच सापडला, पिळून दोरासारखा केलेला."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या बाबतीत हे क्वचितच घडायचं. बारीक बुचाला शर्ट गुंडाळून तो माणूस भोक बंद करू पाहत होता. मग त्या बोटीवर आणखी कोणीतरी होतं, ज्याला खरं बूच कुठे आहे ते माहीत होतं.

४

मैदानाच्या कडेला शिडं शिवायची लांबच लांब खोली होती. जमिनीवर पांढरं कापड पसरलेलं, भिंतीला दोऱ्यांची रिळं, खिडकीखाली तीन अवजड मशीनं. मधल्या मशीनवर ठोक्यांची बायको बसायची. सगळी शाळा तिला वहिनी म्हणे. बाई आत आल्या तेव्हा ती धाकटीच्या शिडाला ठिगळ लावत होती.

"इतक्या लवकर कामावर?" बाईंनी विचारलं.

"घरी बसून भिंतींशी काय बोलू?" वहिनी म्हणाल्या. मशीन थांबलं नाही. "तुम्ही पण बसा. सारख्या हिंडता, माझी टीप वाकडी जाते."

बाई चक्क बसल्या.

"मैदानावर काय म्हणाले ते कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "हलगर्जी! हा माणूस रात्री उठून गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचा. मी वैतागायची. म्हणायची, अहो, झोपा आता, घर काही इंजिनावर चालत नाही."

"इंजिनाशी बोलायचे म्हणे."

पहिल्यांदाच वहिनींच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बोलायचे? भांडायचे! 'अगं, चल की. अगं, आज काय रुसलीस?' सवतच माझी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, ही 'अगं' कोण म्हणून."

"अगं," बाई सावकाश म्हणाल्या. "नेहमी अगंच?"

"मग काय! इंजिनाला कोण अहो-जाहो करेल?"

"आणि पोरांना?"

"पोरांना अरे. त्या खांबाला तर 'अरे लांबड्या'. अहो म्हणायचे ते प्रमुखांना आणि उस्तादांना." वहिनींनी टीप संपवून दोरा तोडला. "उस्ताद आमच्याकडे नेहमी जेवायला यायचे. मागे एकदा चालत्या बोटीवरून त्यांनी स्वतःच उडी मारली होती. पोरांना आधी काही सांगितलं नाही. का, तर माणूस बुडाल्याची कवायत! पोरांची पाचावर धारण बसली. ती गोष्ट सांगताना हे दोघं पोट धरून हसायचे." त्या थांबल्या. "हे गेले तेव्हापासून उस्ताद एकदाही आले नाहीत. तोंड कसं दाखवू असं वाटत असेल. एवढ्या पोरांना वाचवलं, ह्यांना नाही वाचवता आलं. त्यांना म्हणावं, या."

बाई उठल्या. दारातून बाहेर पडून त्या सरळ धक्क्याकडे निघाल्या.

५

उस्ताद धाकटीवर होते. दोराचे दोन तुटके भाग एकमेकांत विणून जोडत होते. हे काम ते डोळे झाकूनही करत, असं पोरं सांगायची. आज विणलेलं त्यांनी उसवलं, परत विणायला घेतलं, परत उसवलं.

बाई धक्क्यावरच उभ्या राहिल्या. "पोरं तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचताहेत."

"पोरांना काय कळतंय," उस्ताद म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही.

"ठोके हलगर्जी होते?"

"असं मी कधी म्हणालो नाही."

"नव्हते, असंही म्हणाला नाहीत. मैदानावर तुम्ही पहिल्या रांगेत होता."

उस्तादांचे हात थांबले. समोरच्या पाण्यावर एक पक्षी उतरला, उडाला, परत उतरला. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"वहिनींनी निरोप दिलाय," बाई म्हणाल्या. "जेवायला या म्हणाल्यात."

दोर उस्तादांच्या हातून सुटून पाण्यात पडला. तो काढायला ते वाकलेही नाहीत.

"उद्या सकाळी धाकटी बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "वाळूच्या पट्ट्याजवळ. प्रमुख, सुतारमामा आणि खांब बरोबर असतील. मीही येणार आहे."

"तुम्हाला बोट लागते म्हणतात."

"लागते," बाई म्हणाल्या. "पण यायला तर हवंच."

६

धक्का सुटला आणि बाईंचा चेहरा पिवळा पडला. वाळूच्या पट्ट्याजवळ नांगर टाकला तेव्हा त्या कठड्यावरून वाकून दोनदा ओकल्या होत्या. प्रमुख दुसरीकडे बघत होते. खांबाने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि डोलकाठीला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"मला उभं राहवत नाहीये, म्हणून थोडक्यात सांगते," त्या म्हणाल्या. "ठोक्यांच्या मुठीत सापडलं ते बूच धाकटीचं. थोरलीचं बूच कुठे आहे? लाकडाचं आहे, ते बुडणार नाही. धाकटीने त्या दिवशी पाण्यावर तरंगणारं सगळं गोळा केलं. वल्ही, बादल्या, टोप्या. बूच मिळालं का रे?"

"नाही, मॅडम," खांब म्हणाला.

"कारण ते पाण्यात नव्हतंच. कोणीतरी गाठ सोडून ते काढलं आणि जवळ ठेवलं. जेवणाच्या वेळी इंजिनखोलीत कोण गेलं होतं?"

खांबाने वळून उस्तादांकडे बघितलं.

"तू मला नशिबाच्या तीन गोष्टी सांगितल्यास. एरवी खोल पाण्यात थांबणारी बोट त्या दिवशी उथळ पाण्यात. एरवी लांब असणारी धाकटी हाकेच्या अंतरावर. कडक उन्हात, वारा नसताना सगळ्यांच्या अंगात जॅकेटं. एखादी गोष्ट नशिबाने जमली म्हणता येईल. तिन्ही एकाच दुपारी जमल्या, त्या कोणीतरी जमवल्या म्हणून. आज बोट गळणार हे ज्याला माहीत होतं त्याने."

"हे काय बोलताय?" प्रमुख उसळले. "उस्तादांनी स्वतःची बोट बुडवली? कशासाठी?"

"बुडवायची नव्हतीच त्यांना. कवायत करायची होती, न सांगता. पोरांनी गळती शोधायची, पेटीतलं जादा बूच काढायचं, ठोकून बसवायचं, पंप मारून पाणी उपसायचं. पण पेटीत बारीक बूच निघालं, आणि पंपात भुसा." सुतारमामांनी मान खाली घातली. "ठोके खाली उतरले. बारीक बूच टिकेना तेव्हा त्यांनी अंगातला शर्ट काढून त्याला गुंडाळला. सोडवलेली दोरी त्यांना दिसलीच असणार, आणि आपल्या मित्राची सवय त्यांना ठाऊक होती. म्हणून ते ओरडले, 'अहो, पुरे झालं आता! द्या ते!' इंजिनाला ते 'अगं' म्हणायचे. पोरांना 'अरे'. त्या बोटीवर ते 'अहो' म्हणतील असा माणूस एकच होता."

पाणी धाकटीच्या कुशीवर थपथप आपटत होतं. उस्तादांनी जाकिटाच्या खिशात हात घातला आणि एक जाड, काळपट बूच काढून डेकवर ठेवलं.

"फेकून द्यायला दोनदा आलो होतो इथे," ते म्हणाले. "फेकवलं नाही. तरंगत परत येईल असं वाटायचं."

"का नाही दिलंत?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा ओरडला तेव्हा वाटलं, पोरं शोधताहेत, शोधू दे. मुख्यालयात बोलणी चालली होती, लाकडी बोटी बंद करा, हल्ली हे कोणाला शिकायला हवं? म्हटलं, या पोरांना एकदा खरं पाणी दिसू दे. मग ती स्वतःच सांगतील, इथे काय शिकलो ते." उस्तादांनी डेकवरच्या बुचाकडे बोट दाखवलं. "दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा मला कळलं, की हातचं गेलं. बूच माझ्या खिशात होतं, इंजिनखोलीत उतरायचं झाकण चार पावलांवर. पण सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. खिशातून ते काढलं, तर कळणार की उस्तादांनीच... वाटलं, आत्ता पंप सुटेल, आत्ता सगळं ठीक होईल. तेवढंच थांबलो, बाई. मग धावलो. झाकणापर्यंत पोचलो आणि ती कलंडली."

खांब त्यांच्या शेजारीच उभा होता. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि कठड्याला पाठ लागल्यावर थांबला. उस्तादांनी ते बघितलं. बाईंचं सगळं बोलणं ऐकूनही जो माणूस ताठ उभा होता, तो तेवढ्याने मटकन खाली बसला.

७

धक्क्यावर उतरताच प्रमुखांनी बाईंना बाजूला घेतलं. "अहवालात अपघात म्हणा. झालं ते झालं. आता शाळेची अब्रू..."

"तुम्ही मैदानावर बोललात तेव्हा एका माणसाची अब्रू गेली," बाई म्हणाल्या. "अहवालात मी तुमचंही वाक्य लिहिणार आहे. थोरलीला हात लावू नका. ती पुरावा आहे."

"वहिनींकडे तुम्ही एकट्याने जायचं," शिडांच्या खोलीसमोर बाईंनी उस्तादांना सांगितलं. "मी दाराशी थांबते."

वहिनींनी उस्तादांना बघून मशीन बंद केलं आणि शेजारचं स्टूल ओढून पुढे केलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. दाराशी बाईंना शब्द ऐकू येत नव्हते, पण वहिनींचा हात शिडाच्या कापडावर होता, तो दिसत होता. बोलणं चालू होतं तोवर तो हात कापड सारखं करत राहिला. मग एकदम मुठीत आवळला गेला.

"किती लांब होता तुम्ही?" वहिनींनी विचारलं. हे बाईंना स्पष्ट ऐकू आलं.

"चार पावलं."

बाई दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या.

"मला का सांगता?" वहिनी शेवटी म्हणाल्या. "ते हलगर्जी नव्हते हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. ज्या मैदानावर त्यांचं नाव घेतलं, त्याच मैदानावर. आणि मी समोर असताना. मग सरकार तुमचं काय करायचं ते करो."

दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळी शाळा उभी होती. प्रमुख एका बाजूला, त्यांच्याजवळ बाई. सुतारमामा आपणहून पुढे आले, भुशाचं सांगितलं आणि रडत परत गेले. मग उस्ताद मधोमध येऊन उभे राहिले. त्यांच्या छातीवर आज बिल्ले नव्हते. ज्या माणसाच्या हाकेने वाऱ्यातसुद्धा डोलकाठीवरचं पोर खाली यायचं, त्याचा आवाज आज कॉलरच्या आतच राहत होता. जमिनीकडे बघत त्यांनी सांगितलं, बूच मी काढलं, त्यांनी मागितलं, मी दिलं नाही.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मागे कुजबुज झाली. उस्ताद वळून निघाले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या शिडाच्या खोलीसमोर उभ्या होत्या. गळ्यात शिवणाची टेप तशीच होती. "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

प्रमुख काहीतरी बोलायला पुढे झाले. बाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

उस्ताद परत मधोमध आले. त्यांनी मान वर केली, मागच्या रांगेकडे बघितलं, आणि छातीत हवा भरून पूर्ण आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.